सगळ्यांची एकच चूक

मावशीने पर्स मांडीवरून खाली ठेवली नव्हती. म्हणजे ती फार वेळ बसायला आलेली नव्हती, किंवा बहिणीच्या घरात पर्स खाली ठेवण्याइतका भरवसा तिला आता उरला नव्हता. धाकटीला दुसरं कारण खरं वाटलं. समोर बसलेला तिचा दादाही मघापासून मावशीकडे गिऱ्हाईकाने आणलेल्या संशयास्पद चिठ्ठीकडे बघावं तसा बघत होता. औषधाच्या दुकानात उमेदीची वर्षं गेलेल्या माणसाची ती नजर. सही ओळखीची दिसते, पण हात कुणाचा आहे हे काही पटत नाही.

"चहा घेशील ना?" वहिनीने विचारलं.

"तुम्ही घेत असाल तर."

एरवी मावशी या घरात शिरतानाच दारातून चहा सांगायची, वर साखर कमी घालायचीही तंबी द्यायची. वहिनी आत गेली. आतून बराच वेळ भांड्याचा आवाज आला नाही. उभी राहून ऐकत असणार, असं धाकटीच्या मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. कालपासून या घरात कुणी नुसतं उभं राहिलं तरी ते ऐकत असल्यासारखं वाटत होतं.

परीक्षा मंडळाच्या अध्यक्षांचा फोन काल आला होता. पुढच्या वर्गाचा निकाल रोखून धरलाय, परवा सकाळी शाळेतल्या शिक्षिकेने, म्हणजे वहिनीने, आणि मावशीने, दोघींनी, मंडळासमोर यावं. आवाज सभ्य होता. त्या सभ्यपणानेच दादा जास्त घाबरला.

पुढचा वर्ग आईने सुरू केला तेव्हा शाळेतले लोक हसले होते. ज्यांच्या घरातून कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही अशा मुलांना शाळेतच कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं गणित शिकवायचं, आणि परीक्षाही कॉलेजचीच द्यायला लावायची. पास झाली तर तेवढा विषय पदरात घेऊनच मुलं कॉलेजात जातात. हसणाऱ्यांतले निम्मे पुढे शनिवारी आईकडे शिकायला येऊ लागले, आसपासच्या शाळांतलेही. मुलांना हे गणित शिकवायचं तर आधी शिक्षकाला यायला हवं, आणि आपल्याला ते येत नाही असं मोकळेपणी म्हणायची सोय आईच्या शनिवारच्या वर्गाखेरीज कुठेच नव्हती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा दोन्ही वर्ग वहिनीकडे आले. आई गेली. पंधरवड्याने मुलं परीक्षेला बसली. त्यांत दादा-वहिनीची लेकही होती, सतरा वर्षांची होऊनही घरात चिमणीच म्हणवली जाणारी.

"मला एकदा नीट सांग," दादा मावशीला म्हणाला. "मंडळाचं नेमकं म्हणणं काय?"

"फोनवर ऐकलंस ना?"

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

मावशीने ओठ आवळले. कॉलेजात आयुष्यभर गणित शिकवून ती निवृत्त झाली होती, आणि दरवर्षी हा पेपर छापायला जाण्याआधी तपासणाऱ्या दोघांत एक ती असायची. "एका प्रश्नात पाण्याची टाकी होती," ती म्हणाली. "शंकूच्या आकाराची. नळ चालू आहे, पाण्याची पातळी किती वेगाने चढते ते काढा. कच्च्या पेपरात टाकीचं टोक खाली होतं, नरसाळ्यासारखं. मी म्हटलं, असली टाकी प्रत्येक पुस्तकात असते, उलटी करा. टोक वर, बूड जमिनीवर. आकृती नाही, सगळं शब्दांत. छापलेला पेपर तसाच गेला."

"आणि आमच्या मुलांनी?"

"सगळ्यांनी टोक खाली धरून सोडवला. म्हणजे कच्च्या पेपरातला प्रश्न सोडवला. तपासणाऱ्याला आधी हसू आलं असेल. मग त्याला कळलं की ही शाळा माझ्या बहिणीची."

"आणि कच्चा पेपर तुझ्या घरी होता."

"माझ्या टेबलाच्या खणात. कुलपात."

"आणि आई तुझ्या घरी होती."

आईला शेवटचे महिने मावशीकडे ठेवलं होतं, कारण मावशीचं घर तळमजल्यावर आणि इथली लिफ्ट आठवड्यातून निम्मे दिवस बंद. तेव्हा मावशीने केलेल्या सेवेचं कौतुक करताना दादा थकत नसे. आता त्याच सेवेतून काहीतरी वेगळंच निघत होतं.

"तुला काय म्हणायचंय ते सरळ म्हण," मावशी म्हणाली.

"मी काही म्हणत नाही. मंडळ म्हणेल. चिमणी तुझी नात लागते हे तू त्यांना आधी सांगितलं होतंस?"

"नातवंडांची नावं कळवायचा नियम नाही. मुलगा, मुलगी, नवरा, एवढंच विचारतात."

"वा! नियमाने चाललीस म्हणायची."

"पोरा, तुझी लंगोटी मी बदललीय. माझ्याशी वकिली करू नकोस."

वहिनी चहा घेऊन आली. कप ठेवताना तिने मावशीसमोरचा कप थोडा लांबच ठेवला, हात पुरेल न पुरेल असा. धाकटीच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिचं कामच ते होतं. बांधकामाची रेखाटनं तपासायची, कुठे काय जागेवर नाही ते पाहायचं. घरी तेवढी नजर बंद ठेवता आली असती तर बरं झालं असतं.

"मला एक कळत नाही," मावशीने मोहरा वहिनीकडे वळवला. "मुलांना प्रश्न सांगायचा तर मुलांसमोर कोण उभं राहत होतं? मी तर तुझ्या वर्गात पाऊलही टाकलं नाही."

वहिनीचा चेहरा उतरला. "म्हणजे मी सांगितला?"

"मी विचारतेय."

"मावशी, मी रोज संध्याकाळी तुमच्याकडे यायचे ते आईंना भेटायला. तुमच्या खणाला हात लावायला नाही."

"रोज यायचीस हे खरं."

"ऐकलंस?" वहिनी दादाकडे वळली. "ऐकून घेतोयस तू हे?"

दादा ऐकून घेत होता, आणि पुढचं मनात जुळवतही होता, हे धाकटीला त्याच्या चमचा ढवळण्यावरून कळलं. साखर कधीचीच विरघळली होती. "भांडून काय होणार?" तो अखेर म्हणाला. आवाज एकदम मऊ झाला होता. "उद्या त्यांना काहीतरी सांगावं लागणार. मावशीने दिला म्हटलं तर इतक्या वर्षांचं नाव मातीत. हिने दिला म्हटलं तर हिची नोकरी जाते, चिमणीचं वर्ष जातं. आता राहिलं कोण?"

धाकटीला ते वाक्य संपायच्या आधीच कळलं.

"आईला आता कोण काय करणार आहे?" दादा म्हणाला. "आजारी बाई, गोळ्यांची गुंगी. पेपर दिसला, नातीच्या काळजीने काहीतरी बोलून गेली. मुलं तिला भेटायला यायचीच ना? लोक हळहळतील. मंडळ फार तर तेवढा एक प्रश्न वगळेल. कुणाचं काही बिघडत नाही."

मावशीने पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. ती नाही म्हणेल म्हणून धाकटी वाट पाहत होती. मावशी नाही म्हणाली नाही. वहिनीही म्हणाली नाही. मघाशी एकमेकींच्या अंगावर धावून गेलेल्या दोघी आता टेबलाच्या एकाच बाजूला आल्यासारख्या गप्प होत्या.

"आईने असं केलं नसतं," धाकटी म्हणाली.

"कशावरून?" दादाने विचारलं. "मलाही तेच वाटतं गं. पण कशावरून?"

आणि नेमकं तिथेच तिची जीभ अडली. आई जायच्या थोडे दिवस आधी ती मावशीकडे गेली होती, न सांगता, दुपारची. मावशीचा डोळा लागला होता. आई पलंगावर नव्हती. पलीकडच्या खोलीत, मावशीच्या टेबलाशी, खुर्चीच्या हाताला धरून बसली होती. धाप लागलेली. धाकटी दिसताच तिने टेबलावर हात पालथा टाकला आणि म्हणाली, "तुझ्या मावशीला सांगू नकोस हं." धाकटीने सांगितलं नव्हतं. उठायला मनाई होती म्हणून म्हणाली असेल, असं तिने तेव्हा धरलं. कालच्या फोननंतर ते धरणं सुटलं होतं. रात्रभर तो पालथा हात तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. खाली काय होतं? काही होतं का?

गप्प राहता आलं असतं. पण तिघांना संशय घ्यायला बसवून आपला संशय पदराखाली ठेवायचा, हे तिला जमेना. तिने सांगितलं. जेवढं पाहिलं तेवढंच, वर शब्द न चढवता.

दादाने निःश्वास सोडला. सुटल्याचाच होता तो. "मग झालं तर!"

"काही झालं नाही. खण उघडा मी पाहिला नाही."

"किल्ली कुठे असायची?" त्याने मावशीला विचारलं.

मावशी धाकटीकडे बघत होती. "तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" ती हळू म्हणाली. मग दादाला म्हणाली, "किल्ली पेनांच्या डब्यात असायची. तिला माहीत होतं."

"आम्हाला कुणीही काहीही दाखवलेलं नाही!"

चिमणी दारात उभी होती. डोळे लाल, केस तसेच. कधीपासून ऐकत होती कोण जाणे.

"तू आत जा," वहिनी म्हणाली.

"नाही जाणार. सगळे जण आजीबद्दल बोलताय आणि आम्हाला कुणी विचारतच नाही. आजीने काही सांगितलं नाही. आईने नाही. मावशीआजी तर वर्गातल्या मुलांशी कधी बोललीही नाही."

"मग सगळ्यांची एकच चूक कशी होईल, राजा?" दादाने विचारलं. "परीक्षेत एकमेकांचं पाहिलंत?"

"बाबा! वेगवेगळ्या खोल्यांत बसवतात. शंकू असंच काढतात ना?"

"असंच म्हणजे?" धाकटीने विचारलं.

"म्हणजे असंच, आत्या. शंकू म्हटला की."

धाकटी कचेरीत रोज हेच ऐकत असे. जिना चुकीच्या बाजूला का काढलास म्हणून विचारलं की नवी पोरं म्हणायची, जिना तिकडेच असतो ना. टिपण वाचलेलंच नसायचं. मागच्या रेखाटनातला जिना हाताला पाठ झालेला असायचा. तिने समोरचं पाकीट उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. आकडे तिथल्या तिथे मनाने घातले. तंबूसारखी टाकी, बूड जमिनीला टेकलेलं, वर निमुळती होत गेलेली, नळ चालू. पाणी किती वेगाने चढतंय?

"सोडव."

"आत्ता?"

"आत्ता."

चिमणी बसली. पेन घेतलं. पहिली ओळ वाचली, दुसरीवर नजर गेली न गेली, तोच हाताने आकृती काढलीही. टोक खाली. शेजारी गुणोत्तर लिहिलं, खाली रेघ मारली आणि सरसर पुढे निघाली. अक्षर सुरेख होतं. पायऱ्या एकीखाली एक. मावशी खुर्चीतून अर्धवट उठून पाहत होती. ओठ हलत होते तिचे, पण ती मध्ये बोलली नाही.

"टाकीचं टोक कुठे आहे?" धाकटीने विचारलं.

"खाली."

"वाच बघू. मोठ्याने."

चिमणीने वाचलं. "बूड जमिनीला टेकलेलं" पाशी ती थांबली. पुन्हा वाचलं. आपल्याच आकृतीकडे तिने असं पाहिलं की जणू ती दुसऱ्या कुणी काढून ठेवली आहे.

"अय्या," ती म्हणाली. "मग पाणी वर चढेल तशी जागा कमी होत जाणार. वेग वाढेल. मी उलटंच..." तिने आईकडे पाहिलं. "पेपरात पण असंच होतं?"

वहिनी भिंतीला टेकली होती. "मीही तसंच काढलं असतं," ती म्हणाली. "शपथेवर सांगते. मीही."

"का?" मावशीचा आवाज कॉलेजातला झाला. "तू शिक्षिका आहेस. का?"

"कारण आईंनी तसं शिकवलं." वहिनी म्हणाली. "आधी नव्हत्या शिकवत. आधी एकेका टाकीवर दोन-दोन दिवस घालवायच्या. टोक वर करा, आडवी करा, पाणी काढून टाका, आता काय होतं सांगा. मुलं कंटाळायची. या वेळी त्यांना उभंच राहवत नव्हतं. खुर्चीत बसून म्हणाल्या, शंकू म्हटला की टोक खाली, हे गुणोत्तर, पुढे चला. एका मुलाने विचारलंही होतं, टोक वर असेल तर? म्हणाल्या, ते नंतर बघू, आत्ता वेळ नाही. मग त्या पडल्या. मला वाटलं, त्यांनी सोपं करून दिलंय म्हणजे विचार करूनच दिलं असेल. मी तेच घोकून घेतलं. आईंच्या वर्गात मी शंका कशी घेणार होते?"

धाकटीला आई त्या खुर्चीत दिसली. वेळ नाही म्हणणारी. घरी कधी म्हणाली नव्हती. घरी विचारलं की म्हणायची, बरी आहे मी, तुमचं बघा.

"म्हणजे पेपर कुणी पाहिलाच नाही," चिमणी म्हणाली.

"थांबा," दादा उठला. "हे तुम्ही उद्या तिथे सांगणार? पेपर पाहिला म्हटलं तर निदान नातीच्या मायेपोटी केलं म्हणतील. आणि तुम्ही सांगणार काय, तर तिला शिकवताच येत नव्हतं? ज्या बाईकडे चार शाळांचे शिक्षक शिकायला यायचे, तिला?"

"तिला चोर म्हणायला तुझी जीभ रेटते," मावशी म्हणाली, "आणि थकली होती म्हणायला रेटत नाही?"

"तू नको बोलूस. आत्ता गप्प बसली होतीस."

"बसले होते. माझी चूक झाली." मावशीने पर्स उचलून शेजारच्या खुर्चीवर टाकली. "आता बोलतेय."

दादा खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "विश्वास कोण ठेवणार? घरातल्या मुलीने घरच्या टेबलावर चूक केली. आम्हीच पढवली म्हणतील."

ते खरं होतं. धाकटी स्वतः मंडळात असती तर तिनेही तेच म्हटलं असतं.

"शनिवारचे शिक्षक," वहिनी एकदम म्हणाली. "त्यांनाही आईंनी तोच धडा दिला होता. त्याच महिन्यात. त्या शाळांचे पेपर वेगवेगळ्या लोकांकडे तपासायला जातात. तिथल्या मुलांनी टोक कुठे काढलंय ते कुणी जुळवून पाहिलंच नसणार."

"मंडळाला गठ्ठे उघडायला सांगता येतं," मावशी म्हणाली. "मी सांगू शकते."

"आणि त्या मुलांनी बरोबर सोडवलं असेल तर?" दादाने विचारलं. "मग सगळं आपल्यावरच येतं. आईवर. आपणच आपल्या हाताने."

वहिनीने टेबलावरचा फोन उचलला. "नदीपलीकडच्या शाळेतले सर आहेत. आईंचे लाडके. त्यांना विचारते. त्यांनी बरोबर सांगितलं तर उद्या दादा म्हणतात तसं." नवऱ्याला ती लोकांसमोरही कधी दादा म्हणत नसे. आत्ता म्हणाली, नणंदेकडे बघून, जणू तो फक्त तिचाच दादा होता.

फोन तिने सगळ्यांना ऐकू येईल असा मध्ये ठेवला. घंटा वाजत राहिली. धाकटीला आपण कशाची आशा करतोय तेच कळेना. सरांना बरोबर यावं, म्हणजे आई शेवटपर्यंत चांगलीच शिकवत होती, आणि मग चोर होती. सरांचं चुकावं, म्हणजे...

"बोला मॅडम!" सरांचा आवाज मोठा, आनंदी. मागे रहदारी होती. "निकाल लागला का?"

"नाही सर. एक गणित अडलंय. शंकूची टाकी आहे, बूड जमिनीवर टेकलेलं, वर निमुळती. पाण्याची पातळी चढण्याचा वेग विचारलाय. तुम्ही कसं सुरू कराल?"

"यात अडायचं काय?" सर हसले. "शंकू, टोक खाली, गुणोत्तर मांडायचं आणि पुढे चला. बाईंचा नियम. मी तर मोठ्या अक्षरांत लिहून वर्गातल्या भिंतीवर लावलाय. मुलं झोपेत म्हणतील."

मावशीने डोळे मिटले. दादा खुर्चीवर बसला, बसला म्हणजे टेकला नुसता. चिमणीने आत्याचा हात धरला. आईने पेपर पाहिला नव्हता. टेबलाशी बसून ती काय करत होती ते आता कधीच कळणार नव्हतं, पण निदान ते नव्हतं. धाकटीच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि उतरता उतरता तिथे दुसरं काहीतरी येऊन बसलं. सरांच्या भिंतीवरचा तो कागद तिला स्पष्ट दिसत होता.

"का हो मॅडम?" सरांनी विचारलं. "काही चुकलं का?"

वहिनीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्याने होणार नाही हे दिसत होतं. चूक सासूची होती, बाईंची होती, आणि तिची स्वतःचीही. धाकटीने फोन आपल्याकडे ओढला.

"हो सर, चुकलंय," ती म्हणाली. "बाईंनी चुकीचं सांगितलं होतं."

पलीकडे नुसती रहदारी ऐकू येत होती. मग सर जरा कठोर आवाजात म्हणाले, "आपण कोण बोलताय?"

"मी त्यांची मुलगी."

"बाईंची?" सरांचा आवाज एकदम खाली आला.

"शेवटी शेवटी त्यांना उभं राहवत नव्हतं, सर," धाकटी म्हणाली. "आम्हाला कुणाला त्या बोलल्या नाहीत. तुम्ही रस्त्यात आहात ना? जरा बाजूला उभे राहा, आणि पेन असलं तर घ्या. मी प्रश्न पुन्हा वाचते. पूर्ण ऐकल्याशिवाय काही काढू नका."